घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर टेरोडॅक्टिल पॅनलला जोडालोय, पण नोडचं हार्ट लालच राहतंय, मदत करा

गंगाकोठी_बिल्डर

मंडळी नमस्कार, राजारामपुरीतनं लिहितोय. प्रश्न जरा लांबडा आहे, पण एकदाच सगळं सांगतो म्हणजे परत परत विचारायला लागणार नाही.

आम्ही आठ जणांनी २०२० च्या लॉकडाउनमध्ये माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर चालू केला आणि त्यात पन्हाळा बांधायला घेतला. तीन दरवाजा झालाय, सज्जाकोठी झाली, अंधारबाव झाली, अंबरखान्यातली (गडावरच्या धान्याच्या कोठारातली) गंगा कोठी पूर्ण झाली, यमुना आणि सरस्वती अजून व्हायच्यात आणि तटबंदी अर्धीच आहे. मधे बराच काळ बंद पडलं होतं, मग २०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आला आणि त्या रात्री ग्रुपवर सगळे एकदम जागे झाले, तेव्हापासनं परत रोज काम चालू आहे.

सर्व्हर माझ्या घरातल्या जुन्या पीसीवर चालतो. आय-५, १६ जीबी रॅम, उबुंटू सर्व्हर २२.०४, वर पेपर (माइनक्राफ्टचं सर्व्हर सॉफ्टवेअर). अडचण अशी की मी गोकुळ शिरगावला शिफ्टला असतो, मधेच लाईट गेली किंवा सर्व्हर अडकला की मी घरी येईपर्यंत सगळे ताटकळत बसतात. म्हणून ठरवलं की पॅनल, म्हणजे ब्राउझरमधनं सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर टाकायचं, म्हणजे पुण्यातला माझा मावसभाऊ आणि इचलकरंजीचा एक मित्र मोबाईलवरनं चालू-बंद करू शकतील.

मुंबईच्या डेटा सेंटरमधला २ जीबीचा एक व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेतला, त्यावर टेरोडॅक्टिल पॅनल टाकलं, एचटीटीपीएस चालू, लॉगिन होतंय, तिथंपर्यंत सगळं व्यवस्थित. घरच्या पीसीवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवतं) आणि विंग्ज (पॅनलचं सांगणं पीसीवर प्रत्यक्ष करणारा प्रोग्रॅम) टाकलं. नोडसाठी, म्हणजे पॅनलच्या भाषेत ह्या घरच्या पीसीसाठी, माझ्या डोमेनचं एक सबडोमेन केलं आणि ते घरच्या आयपीकडं वळवलं. लेट्स एनक्रिप्टचं (एचटीटीपीएससाठीचं फुकटचं) सर्टिफिकेट घरच्या पीसीवर काय निघंना, दर वेळी टाइमआउट. सर्टिफिकेट नाही म्हणून विंग्ज चालू होईना, मग एका व्हिडिओत बघून नोडच्या सेटिंगमध्ये ‘बिहाइंड प्रॉक्सी’ केलं तेव्हा चालू झालं. राउटरवर ८०८०, २०२२, २५५६५ असे पोर्ट फॉरवर्ड केलेत (बाहेरनं येणारं घरच्या पीसीकडं वळवलंय), त्याच व्हिडिओत होतं म्हणून आरकॉन (लांबनं सर्व्हरला कमांड द्यायची सोय) पण चालू करून २५५७५ उघडलाय.

विंग्जच्या लॉगमध्ये एकही एरर नाही. तरी पॅनलमध्ये नोडसमोरचं हार्टचं चिन्ह, जे जोडणी झाली की हिरवं होतं, ते लाल, आणि कन्सोल उघडला की सर्व्हरशी जोडायला अडचण येतेय, थांबा, एवढंच फिरत बसतंय. तीन रात्री गेल्यात. तीन महिन्यांपूर्वी फायबरचं कनेक्शन बदललंय, तेव्हापासनं गेमचा पोर्ट एका फुकटच्या टनेल सर्व्हिसवरनं देतोय, ते सांगायला पाहिजे का माहीत नाही पण सांगून ठेवतो.

वर्ल्डला धक्का लागता कामा नये एवढंच. पाच वर्षांचं काम आहे.

शाहूपुरी_केबलवाला

भावा फायबर बदलल्याची ओळ तू सहज लिहिलीस, पण मला वाटतंय रोग तिथंच आहे. मी सीसीटीव्ही बसवतो, आणि हाच प्रकार आठवड्यातनं दोनदा बघतो. दुकानदार म्हणतो आधी गावाकडनं मोबाईलवर कॅमेरा दिसत होता, कनेक्शन बदललं आणि दिसायचा बंद झाला. डीव्हीआर तोच, पोर्ट फॉरवर्डिंग तेच, मग बदललं काय? तर आधीच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत होता आणि नव्यात तो बऱ्याच गिऱ्हाइकांत मिळून एक आहे. ह्याला सीजीनॅट म्हणतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पेजवर जा, स्टेटसमध्ये वॅनचा (राउटरच्या बाहेरच्या बाजूचा) आयपी बघ. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधून जो येतो तो बघ. दोन्ही वेगळे असले तर विषय मिटला. आणि वॅनचा आयपी १००.६४ पासनं १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असला तर शंकाच नको, तो पट्टा ह्याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलाय.

तसं असेल तर तू राउटरवर कितीपण पोर्ट उघड, उपयोग नाही. तू तुझ्या फ्लॅटचं दार उघडं ठेवलंस पण खाली अपार्टमेंटचं गेट बंद आहे आणि त्याची किल्ली कंपनीकडं. सर्टिफिकेट न निघण्याचं कारणपण हेच, कारण लेट्स एनक्रिप्ट बाहेरनं ८० नंबर पोर्टवर येऊन खात्री करतं आणि ते तुझ्या घरापर्यंत पोचतच नाही.

कंपनीला फोन करून स्टॅटिक आयपी मिळतो का विचार. काही जण देतात, महिन्याला वेगळे पैसे घेतात.

गंगाकोठी_बिल्डर

बघितलं. वॅन १००.८३ नं चालू होतोय आणि बाहेर वेगळाच दिसतोय. म्हणजे तीन रात्री मी बंद गेटवर धडका मारत होतो. कंपनीला विचारलं, घरगुती प्लॅनवर स्टॅटिक आयपी देत नाही म्हणाले. आता काय करू? व्हीपीएसवरच सगळं हलवू का?

पुण्यातली_सर्व्हरताई

मी मूळची रंकाळ्याजवळची, आता पुण्यात, रोजचं काम लिनक्स सर्व्हरचंच. हलवायची गरज नाही. २ जीबीच्या व्हीपीएसवर पॅनल नीट चालेल पण त्यावर पेपर आणि आठ जण झेपणार नाहीत, मोठा व्हीपीएस घ्यायचा म्हणजे दर महिन्याला खर्च, आणि घरात १६ जीबीचं मशीन रिकामं.

आधी एक गोष्ट इस्कटून सांगते, कारण ती कळली की पुढचं सगळं आपोआप सुटतं. पॅनल आणि विंग्ज ही दोन वेगळी माणसं आहेत. पॅनल म्हणजे ऑफिस, कोण युजर, कुणाला कशाची परवानगी, कुठला सर्व्हर कुठल्या नोडवर, हे सगळं तिथं लिहिलेलं. विंग्ज म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर बसलेला माणूस, तो डॉकरचा कंटेनर चालू करतो, बंद करतो, फायली देतो-घेतो. बहुतेक लोकांना वाटतं की आपला ब्राउझर पॅनलशी बोलतो आणि पॅनल विंग्जशी. अर्धंच खरं आहे. कन्सोल उघडलास की तुझा ब्राउझर थेट विंग्जला वेबसॉकेट लावतो, पॅनल मधे नसतं, ते फक्त एक सही केलेलं टोकन देतं. म्हणजे पुण्यातल्या तुझ्या भावाच्या मोबाईललासुद्धा विंग्जपर्यंत पोचता आलं पाहिजे. आणि ते हार्टपण तुझा ब्राउझरच विंग्जला जाऊन विचारतो तेव्हा हिरवं होतं. विंग्जच्या लॉगमध्ये एरर नव्हती ती म्हणूनच, त्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही तर तो तक्रार काय करणार.

दुसरी गोष्ट, ‘बिहाइंड प्रॉक्सी’. त्याचा अर्थ एवढाच की विंग्ज सर्टिफिकेट शोधत नाही आणि साध्या एचटीटीपीवर बसतो, कारण पुढं कुणीतरी प्रॉक्सी आहे जी एचटीटीपीएस सांभाळते असं त्यानं धरलेलं असतं. तुझ्याकडं प्रॉक्सीच नव्हती. त्यामुळं उद्या पब्लिक आयपी मिळाला असता तरी हार्ट लालच राहिलं असतं. पॅनल एचटीटीपीएसवर असलं की ब्राउझर विंग्जशी साधं बोलूच देत नाही.

आता उपाय. तुझ्याकडं व्हीपीएस आहे, त्याला खरा पब्लिक आयपी आहे. सीजीनॅटमधनं आत येता येत नाही पण बाहेर जाता येतं. मग घरच्या पीसीनंच व्हीपीएसला फोन लावायचा आणि ठेवायचाच नाही. त्यासाठी वायरगार्ड, दोन मशीनमधे इंटरनेटवरनं खासगी बोगदा करणारं सॉफ्टवेअर.

व्हीपीएसला १०.८.०.१ आणि घरच्या पीसीला १०.८.०.२ असे आतले पत्ते दे. व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० उघड. घरच्या बाजूच्या कॉन्फिगमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेव, हे विसरलास तर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही की कंपनीकडचा नॅट ती वाट विसरतो आणि बाहेरनं परत आत येता येत नाही. दोन्हीकडनं पिंग चालला की पुढं जा, त्याआधी पॅनलला हातपण लावू नको.

मग नोडचं सबडोमेन घराकडं न वळवता व्हीपीएसच्या आयपीकडं वळव. सर्टिफिकेट आता लगेच निघेल. व्हीपीएसवरच्या एनजिनएक्सला (वेब सर्व्हर, तोच आता प्रॉक्सी) सांग की ८४४३ पोर्टवर एचटीटीपीएस ऐक आणि ते १०.८.०.२ च्या ८४४३ ला पुढं दे. वेबसॉकेटसाठी ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे दोन हेडर पुढं पाठवायचे, त्याशिवाय हार्ट हिरवं होईल पण कन्सोल फिरतच राहील. पॅनलमध्ये नोडचा डेमन पोर्ट ८४४३ कर, एसएसएल चालू, बिहाइंड प्रॉक्सी चालूच राहू दे कारण आता खरंच प्रॉक्सी आहे. दोन्हीकडं पोर्ट एकच ठेवायला सांगतेय त्याला कारण आहे. पॅनल नोडची सेटिंग विंग्जच्या कॉन्फिगवर स्वतःच लिहितं, तू हातानं वेगळा पोर्ट टाकलास तर नोड सेव्ह करताना तो पुसला जाण्याची भीती.

गेमचा पोर्ट २५५६५ एनजिनएक्समधनं न नेता व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग चालू करून आयपीटेबल्सनं (लिनक्सचे नेटवर्कचे नियम) आत ढकल, आणि मास्करेड लाव, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी व्हीपीएसचा पत्ता लागतो, नाहीतर घरचा पीसी उत्तर स्वतःच्या फायबरवरनं पाठवेल आणि खेळणाऱ्याला ते कधीच मिळणार नाही. ह्याची किंमत एक आहे, सर्व्हरला सगळे खेळाडू १०.८.०.१ वरनंच आलेले दिसतील. म्हणून व्हाइटलिस्ट चालू ठेव आणि आयपीवरनं कुणाला बॅन करू नको, एकाला केलास तर आठही बाहेर. पुढं माणसं वाढली तर व्हीपीएसवर व्हेलॉसिटी (माइनक्राफ्टची प्रॉक्सी) टाक, ती खरे आयपी आत पोचवते.

आणि आरकॉन आज रात्री बंद कर. टेरोडॅक्टिलला त्याची गरजच नाही, विंग्ज कंटेनरच्या कन्सोललाच जोडलेला असतो. आरकॉनचा पासवर्ड साध्या अक्षरांत जातो, वाटेत कुठं काही लपवलेलं नसतं, आणि ज्याच्या हातात तो पडला तो ऑपरेटर झाला म्हणून समज. सीजीनॅटमुळं तो पोर्ट बाहेर उघडला नव्हता म्हणून तुझा पन्हाळा वाचला. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीजमध्ये ‘एनेबल आरकॉन’ फॉल्स.

उद्यमनगर_आयटी

ताईंचं बरोबर आहे पण पहिल्यांदाच करणाऱ्याला हे जड जाणार. मी आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात टेलस्केल वापरतो, दहा मिनिटांत होतं, तेही आतनं वायरगार्डच आहे. आठच माणसं आहेत, सगळ्यांनी ॲप टाकलं की झालं, व्हीपीएसवर काही ढकलाढकली नको. फक्त एक लक्षात ठेव, टेलस्केलपण १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते देतं, ते बघून गोंधळू नको.

पुण्यातली_सर्व्हरताई

दादा, पॅनल चालवणारे दोघं-तिघंच असते तर मीपण हेच सांगितलं असतं. पण आठही जणांच्या पीसीवर ॲप, प्रत्येकाचं लॉगिन, कुणाचा छोटा भाऊ शाळेच्या लॅपटॉपवरनं खेळतोय, कुणी मोबाईल बदलला, हे सगळं परत ह्याच पोराच्या डोक्यावर बसतं. तो शिफ्टला असताना दुसऱ्यांना जमावं म्हणून तर हा खटाटोप आहे.

आणि बिल्डर, वर्ल्ड हलवताना घाई नको. जुन्या सर्व्हरवर सगळ्यांना बाहेर काढ, ‘सेव्ह ऑल’ दे, मग ‘स्टॉप’, आणि प्रोसेस पूर्ण थांबल्यावर अख्खं फोल्डर टार करून पेनड्राइव्हवर घे. पेपर नेदर आणि एंडचे फोल्डर वेगळे ठेवतो, तीनही आलेत का बघ. मग एसएफटीपीनं (फायली पाठवायची सुरक्षित सोय) २०२२ पोर्टवरनं नव्या सर्व्हरमध्ये टाक. रूट युजरनं थेट कॉपी केलास तर फायलींचा मालक टेरोडॅक्टिल युजरला करायला लागेल, नाहीतर सर्व्हर चालू होताना परवानगी नाही म्हणून पडतो. पॅनलमधलं बॅकअप बटण आहे, पण ते मूळ सेटिंगमध्ये त्याच पीसीच्या डिस्कवर बॅकअप ठेवतं. डिस्क गेली तर दोन्ही गेलं. आठवड्यातनं एकदा तरी बाहेर कुठंतरी कॉपी घे.

गंगाकोठी_बिल्डर

झालं!!! काल रात्री दीडला हार्ट हिरवं झालं, ग्रुपवर फोटो टाकला तर सगळे जागेच होते. पिंग मिळाल्याशिवाय पॅनलला हात लावू नको म्हणालात ते लई कामाला आलं, कारण माझी पहिली चूक वायरगार्डची की (किल्ली) कॉपी करतानाच झाली होती, ती तिथंच सापडली. आरकॉन बंद केला, राउटरवरचे सगळे फॉरवर्ड काढून टाकले.

मधे एक लफडं झालं, सर्व्हर अर्ध्या तासानं आपोआप मरायचा, एक्झिट कोड १३७. जुन्या स्टार्ट स्क्रिप्टमधनं मी एक्सएमएक्स (जावाच्या हीपची, म्हणजे मुख्य मेमरीची कमाल मर्यादा) १० जीबी तसंच उचललं होतं आणि पॅनलमध्ये मेमरी लिमिटपण १० जीबीच. शोधल्यावर कळलं की जावाला हीपच्या बाहेरपण मेमरी लागते आणि लिमिट ओलांडली की तो कंटेनरच मारला जातो. हीप ८ वर आणलं, तेव्हापासनं पडला नाही.

पण आज संध्याकाळी पाऊस आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखा-दिवे आहेत, पीसी नाही. लाईट आल्यावर पीसी मी चालू केला, विंग्ज चालू, हार्ट हिरवं, पण सर्व्हर काही उठंना. डॉकर म्हणतंय दिलेला पत्ता घेता येत नाही. हातानं दुसऱ्यांदा चालू केला की लगेच चालतोय. मी घरी होतो म्हणून जमलं, मग पॅनलचा उपयोग काय? आणि कन्सोलपण मधे दहा-एक मिनिटं टोकन नाकारत होता.

पुण्यातली_सर्व्हरताई

अलोकेशनमध्ये (पॅनलमध्ये सर्व्हरला दिलेला आयपी आणि पोर्ट) आयपी १०.८.०.२ दिलायस ना? तेच. पीसी उठला तेव्हा विंग्ज आधी आला आणि वायरगार्ड नंतर, म्हणजे सर्व्हर चालू व्हायला गेला तेव्हा तो पत्ता मशीनवर अजून आलेलाच नव्हता. दोन उपाय आहेत. एकतर अलोकेशनचा आयपी ०.०.०.० कर आणि नाव दिसायला एलियसमध्ये तुझं डोमेन लिही. किंवा सिस्टिमडीमध्ये (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारं) विंग्जच्या सर्व्हिसला सांग की वायरगार्डच्या मागनंच उठ. मी दोन्ही केलं असतं. वायरगार्डची सर्व्हिस ‘एनेबल’ आहे का तेपण बघ, नुसती ‘स्टार्ट’ केली असशील तर पुढच्या वेळी उठणारच नाही.

पीसी हातानं चालू करायला लागला हेपण नको. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं अशी सेटिंग असते, तिथं चालू कर. विंग्ज आधी जे सर्व्हर चालू होते ते स्वतःच परत उठवतो.

टोकनचं म्हणशील तर पीसीचं घड्याळ बघ. टोकनला वेळेची मर्यादा असते, पॅनल आणि घरचं घड्याळ जुळलं नाही की विंग्ज ते फेकून देतो. जुन्या मदरबोर्डचा सेल गेला की लाईट गेल्यावर वेळ मागं पडते, मग नेटवरनं वेळ जुळेपर्यंत हे असंच होणार.

शाहूपुरी_केबलवाला

सीआर २०३२ नावाचा गोल सेल असतो, घड्याळाच्या दुकानातपण मिळतो. डीव्हीआरमध्येपण हाच जातो, मग रेकॉर्डिंगची तारीख चुकते आणि पोलिसांनी फुटेज मागितलं की पंचाईत. बदलून टाक भावा, मोठं काम नाही.

पुण्यातली_सर्व्हरताई

आणि एक, दोघांना परवानगी देशील तेव्हा फोनवर सांग की स्टॉप दाबल्यावर थांबायचं. एकदा स्टॉप दाबलं की त्याच जागी किल येतं. स्टॉपमध्ये सर्व्हर वर्ल्ड सेव्ह करून बंद होतो, त्याला थोडा वेळ लागतो, आणि माणसाला वाटतं दाबलं गेलं नाही म्हणून परत दाबतो. किल म्हणजे प्लग उपटल्यासारखं, सेव्ह न झालेलं सगळं गेलं. त्यांना सबयुजर (मोजक्या परवानग्यांचा युजर) कर, ॲडमिनचं लॉगिन देऊ नको, आणि ॲडमिनला टू-फॅक्टर लाव.

गंगाकोठी_बिल्डर

ताई, केबलवाले भाऊ, उद्यमनगरवाले दादा, तिघांचे मनापासून आभार. अलोकेशन बदललं, सर्व्हिसचा क्रम लावला, बायोसमध्ये सेटिंग केली, सेल आणून टाकला, जुना सेल मीटरवर मोजला तर जवळजवळ मेलेलाच होता. मग खात्री करायला आज दुपारी सर्व्हर पॅनलवरनं बंद केला, पीसीची वायर काढली, पाच मिनिटांनी लावली आणि कशाला हात न लावता बाहेर जाऊन रंकाळ्यावर बसलो. भावाला पुण्याला फोन केला. म्हणाला हार्ट हिरवं आहे, स्टार्ट दाबतो. दाबलं, उठला. मग त्याला स्टॉप दाबायला लावलं आणि किल दिसतंय तिथं बोट न लावता थांबायला सांगितलं, तो मोठ्यानं आकडे मोजत होता, अकराव्याला बंद झाला.

टार केलेली कॉपी पेनड्राइव्हवर एक आणि मित्राच्या घरी इचलकरंजीला एक अशी ठेवलीय.

उद्यापासनं यमुना कोठी घेतोय. कुणाकडं अंबरखान्याच्या आतल्या जिन्याचे जवळनं काढलेले फोटो असतील तर टाका, आमच्याकडचे सगळे लांबनंच आहेत आणि पायऱ्यांचा हिशोब लागंना.